पहिल्या धारेचं

लीथच्या सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
मी बैठकांची इतिवृत्तं लिहितो.
कोण काय बोललं, ते नव्हे;
काय बोललं गेलं असं ठरलं, ते.

डॉ. इशबेल कार्गिल ग्लासगोहून यायच्या.
पगार नाही. तिकिटाचे पैसे तेवढे, पावती जोडून.
खात्याच्या सँडविचला त्यांनी कधी हात लावला नाही,
पत्र्याच्या डब्यात घरचा पाव, चीज, अर्धं सफरचंद.
मला वाटायचं, बाई शिष्ट.
मग एकदा आठवलं,
आपल्यात म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
यांना जागायचं होतं
दुसऱ्याच कुणाच्या तरी मिठाला.

त्या मार्चमध्ये त्यांनी टेबलावर मांडल्या
एकेचाळीस बाटल्या.
ग्लासगोच्या जुन्या दगडी इमारतींमधलं पाणी,
झाकणावर मजला, दार, वेळ:
सकाळी सहा दहा. सहा पंचवीस.
पाणी इतकं नितळ
की उपसंचालक रॉरी गिलख्रिस्ट म्हणाले, "यात आहे काय?"
"शिसं. रात्रभर नळीत झोपलेलं पाणी आहे हे."

मंत्र्यांना उत्तर एका ओळीत हवं होतं.
पाणी सुरक्षित आहे: होय की नाही?
कार्गिलबाईंनी चष्मा पुसला.
"कुठलं पाणी? तीन मिनिटं नळ सोडल्यानंतरचं,
की पहिल्या धारेचं?"

मला हसू आलं, एकट्यालाच.
आमच्याकडे पहिल्या धारेची म्हटलं
की माणसं गालात हसतात आणि ग्लास शोधतात.
इथे ती धार
कुणीतरी अर्ध्या झोपेत किटलीत भरत होतं,
तान्ह्याच्या दुधाची पावडर तिच्यात ढवळत होतं.

मी शिसपेन्सिलीने लिहीत होतो.
नावात शिसं, आत कणभरही नसतं.
नळाच्या नावात काहीच नव्हतं.

गिलख्रिस्ट वाईट माणूस नव्हे.
नळ्या बदलायच्या तर आकडा केवढा होतो
ते त्यांना पाठ होतं, आणि रात्री झोप नव्हती.
मसुदा परत आला तेव्हा
'इशारा दिला'चं झालं होतं 'नोंद घेतली',
आणि 'बहुधा'चं 'कदाचित'.
दोनच शब्द.
त्या दोघांच्या मधून एक अख्खी नळी जाते,
गल्लीभर लांब.

बाईंचा फोन मला आला, त्यांना नाही.
"मिस्टर वाकणकर, मी 'कदाचित' म्हणाले होते?"
"नाही."
"मग?"

चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
त्या सावकाश बोलल्या,
मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.
"पैसे नाहीत, तर तसं लिहा.
काय करायचं ते सरकारने ठरवावं, तो त्यांचा अधिकार.
पण पैसे नाहीत म्हणून
पाण्यातलं शिसं कमी करू नका."

मी 'बहुधा' परत घातला.
शौर्य वगैरे काही नाही, खोडरबर हाताशी होतं.
'नोंद घेतली' मात्र राहू दिलं.
अहवालात तो शब्द आहे अजून,
परिशिष्ट चार, पान त्रेसष्ट,
तळटीपेत, मुंगीएवढा.
दोन गल्ल्यांमधल्या नळ्या बदलल्या.
बाकीच्या पुढच्या आर्थिक वर्षात, असं म्हणतात.

सप्टेंबरात बाईंची मुदत संपली.
वाढवली नाही, कारण दिलं नाही.
आभाराचं पत्र मीच टाइप केलं,
'अमूल्य' शब्द दोनदा आला होता, एक काढला.
त्यांनी उत्तरादाखल शेवटच्या तिकिटाची पावती पाठवली.

नवे सल्लागार मोकळ्या स्वभावाचे आहेत.
सँडविच घेतात, दोन घेतात.
चांगला माणूस असेल, अजून कळायचंय.
बैठकीआधी पाण्याचा जग मी स्वतः भरतो.
नळ सोडून उभा राहतो,
धारेखाली बोटं धरून,
हाताला गार लागेपर्यंत.